‘हाव जी’ म्हणून गेलेली बाई

बाळ दीड महिन्याचं असताना ती पहिल्या लशीला आली. सिस्टर म्हणाल्या, ‘तांबी बसवून घे, सुटशील.’ ती म्हणाली, ‘हाव जी.’ साडेतीन महिन्यांच्या लशीला डॉक्टरांनी सांगितलं, दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर हवं, नाहीतर तुझंच अंग भरून निघणार नाही. ती म्हणाली, ‘हाव जी.’ नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीची आठवण द्यायला आशाताई घरी गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, उद्या चल माझ्यासोबत. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्यानंतर ती दवाखान्यात आली तेव्हा बाळ तेरा महिन्यांचं होतं, ती तीन महिन्यांची गरोदर होती आणि हिमोग्लोबिन साडेआठ होतं. जुन्या केसपेपरवर तीन ठिकाणी एकच नोंद होती : ‘कुटुंब नियोजनाचा सल्ला दिला.’

ही बाई राजापेठेतली आहे असं समजा. नवरा राजापेठ ते बडनेरा ऑटो चालवतो, घरात सासू-सासरे, दीर, जाऊ. ती कुणी एक नाही, सरकारी ओपीडीच्या बाकावर रोज बसणाऱ्या अनेकींची मिळून ती झाली आहे. अमरावतीत असो की अकोल्यात, तिच्याबद्दलचा शेरा मात्र एकच असतो : ‘किती सांगा, ऐकतच नाहीत.’

शेरा मारणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. त्यांनी खरंच सांगितलेलं असतं, तेही शंभर पेशंटच्या रांगेत, घसा कोरडा होईपर्यंत. पण वऱ्हाडात ‘हाव जी’चे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे ‘मला पटलं’. दुसरा म्हणजे ‘तुम्ही मोठे, तुमच्यासमोर नाही कसं म्हणू’. दुसरा ‘हाव’ ऐकून दवाखाना समाधानाने नोंद करतो आणि पुढचा नंबर पुकारतो. तिन्ही वेळा तिला एक गोष्ट कुणीच विचारली नव्हती : तिला पुढचं मूल हवं आहे का, आणि हवं असेल तर कधी.

सांगण्याऐवजी विचारण्याची एक पद्धत वैद्यकशास्त्रात गेल्या चाळीस वर्षांत रुजली आहे. तिचं नाव ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’. नाव ऐकून नोकरीची मुलाखत किंवा व्यासपीठावरचं प्रेरणादायी भाषण डोळ्यांपुढे येतं, पण या पद्धतीत दोन्ही नाहीत. बदलाची कारणं माणसाच्या मनात आधीच असतात, ती त्याच्याच तोंडून बाहेर यावीत म्हणून केलेला हा संवाद आहे. तो मांडला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी, आणि तोही दारूच्या व्यसनाच्या संदर्भात. नॉर्वेमध्ये तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवत असताना ते रुग्णाशी कसं बोलतात हे करून दाखवत. विद्यार्थी मध्येच अडवून विचारत : हाच प्रश्न का विचारलात? या वाक्यावर गप्प का राहिलात? उत्तरं देता देता मिलर यांना आपण काय करतो ते स्वतःलाच उमगत गेलं. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत पुस्तक.

त्यांचं मुख्य निरीक्षण कुठल्याही घरात पडताळून पाहता येतं. एखाद्याचा खर्रा सोडवायचा आहे. त्याच्याही मनात दोन्ही बाजू असतात : सोडावा असंही वाटतं आणि सोडवत नाही असंही. समोरच्याने ‘सोडलाच पाहिजे’ ही बाजू जोरात लावून धरली की त्याच्या वाट्याला दुसरीच बाजू उरते. मग तो ‘पण’ म्हणू लागतो. पण खर्रा नसला तर पोट साफ होत नाही, पण माझे आजोबा ऐंशी वर्षं जगले. जितका ‘पण’ तो स्वतः बोलतो, तितका तो स्वतःलाच पटत जातो. समोरच्याची चूक दिसताच ती लगेच दुरुस्त करायला धावणं ही डॉक्टरांची सवय आहे, आणि मिलर यांच्या मते अडचण तिथूनच सुरू होते. आदरापोटी ‘पण’ न म्हणणारा पेशंट त्याहून अवघड. तो ‘हाव जी’ म्हणून निघून जातो.

खऱ्र्याची आणि गर्भनिरोधनाची गोष्ट मात्र एका ठिकाणी वेगळी आहे, आणि या पद्धतीच्या उत्साही प्रशिक्षणांत ते बहुतेक वेळा सुटून जातं. खर्रा सोडणं चांगलं हे डॉक्टरला ठाऊक असतं. संवाद कितीही मवाळ असला तरी त्याची दिशा ठरलेली असते. मूल केव्हा व्हावं, तांबी बरी की इंजेक्शन, यात डॉक्टरकडे तयार उत्तर नसतं, असूही नये. कोणत्या पद्धतीत किती धोका, किती खात्री, हे डॉक्टरला माहीत असतं. त्यातलं काय झेपेल हे ती बाईच जाणते. मनात ‘हिला आज तांबी बसवायचीच’ असं ठरवून गोड प्रश्न विचारले, तर ती जुनीच सक्ती ठरते, फक्त आवाज हळू.

जुनी सक्ती हा शब्द इथे उगाच आलेला नाही. भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. त्यानंतर आकड्यांचं वेड वाढत गेलं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. १९९६ मध्ये केंद्राने वरून लादलेली उद्दिष्टं काढून टाकली, तरी शिबिरं थांबली नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या, आणि शिबिरांनंतर १३ जणींचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

याच महाराष्ट्रात दुसराही वारसा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून ते लोकांच्या शंकांना छापून उत्तरं देत राहिले. कर्व्यांना मवाळ कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येणारा माणूस स्वतःच्या पायांनी येत होता, आणि निर्णय त्याचाच राहत होता. सरकारी कार्यक्रमाने कर्व्यांची साधनं घेतली, हा भाग मागे राहिला.

आज चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. तांबी वापरणाऱ्या २.१ टक्के. म्हणजे पाळणा लांबवण्याची साधनं दवाखान्याच्या कपाटात आहेत, पण बहुसंख्य बायकांचा प्रवास ‘काहीच नाही’ आणि ‘ऑपरेशन’ या दोनच स्टेशनांमधला आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, सोपी आणि कमी जोखमीची, तरी तिचा आकडा इतका लहान का, हा प्रश्न ओपीडीत बाईऐवजी कधीतरी ऑटोवाल्याला विचारायला हवा.

राजापेठेतल्या त्या बाईला दुसरीही मुलगीच झाली. या बाळंतपणात रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. दीड महिन्याने लशीला ती सासूसोबत आली. या वेळी डॉक्टरांनी आधी सासूबाईंना नातीचं वजन करून आणायला बाहेर पाठवलं. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नसेल, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. दार लोटून घेतल्यावर डॉक्टर म्हणाल्या, ‘आज मी काही सांगणार नाही, तुझ्याकडून ऐकायचं आहे. आणखी लेकराचं मनात आहे का? असेल तरी चालतं, नसेल तरी चालतं.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. डॉक्टरही बोलल्या नाहीत. ओपीडीत दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते.

‘घरचे म्हन्तात, एक पोरगं पाहिजे. मलेबी वाटते, मॅडम. पन अंगात जीवच नाई.’

इथे जीभ शिवशिवते. मुलगा-मुलगी समान, दोघींना शिकव, हे सगळं ओठांवर येतं. ते खरंही आहे. पण त्या क्षणी ते बोललं की बाई पुन्हा ‘हाव जी’वर जाते. डॉक्टरांनी तिचंच म्हणणं तिला परत दिलं : ‘म्हणजे मूल नकोच असं नाही. आत्ता नको.’

‘हाव! आत्ता नको.’

हा ‘हाव’ पहिल्या जातीचा होता. मग ती आपणहून बोलत गेली. आधी ती का आली नाही, तेही निघालं. पहिल्या वेळी तांबीची भीती होती. दुसऱ्या बाळंतपणानंतरही ती येणार नव्हती, कारण ‘दोन झाले की ऑपरेशन सांगतीन, म्हून यायलेच भेव वाटे’. तिला मूल हवं होतं, पुढे कधीतरी. दवाखान्याला वाटत होतं ती अडाणी आहे. ती तर आपलं पुढचं मूल दवाखान्यापासून वाचवत होती.

ऐकलेलं परत देणं हे या पद्धतीचं मुख्य हत्यार, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. पोपटासारखं वाक्य परत म्हटलं तर समोरच्याला चेष्टा वाटते. न बोललेलं अर्धं वाक्य ओळखून पुढे ठेवायचं, चुकलं तर ती दुरुस्त करेल अशी जागा ठेवायची. त्यानंतर एक छोटं माप वापरतात. डॉक्टरांनी विचारलं, ‘दोन वर्षं दिवस न राहणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात?’ सासूबाईंच्या पिढीला हेच ‘रुपयात किती आणे’ असं विचारलं तर लवकर कळतं. सुनेने सांगितलं, ‘आठ.’ यावर सरळ प्रश्न सुचतो तो म्हणजे ‘दहा का नाही?’ तो विचारायचा नसतो, कारण त्याचं उत्तर अडचणींची यादी असते. डॉक्टरांनी विचारलं, ‘आठच का? चार का नाही?’

आता कारणं तीच सांगू लागली. रक्त चढवावं लागलं. दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर मोठीचं दूध आटलं. रात्री दोघी रडतात आणि उठायला एकच माणूस. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहू देण्याआधी किमान २४ महिने जावेत ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तिने कधी ऐकली नव्हती, पण तिच्या कारणांत ती शिफारस पूर्ण होती.

‘आणि जमेल असं किती वाटतं?’ ‘चार.’ ‘चाराचे पाच कशाने होतील?’ ‘घरी कोनाले कळलं नाई तर.’

हे उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. एव्हाना पाच-सहा मिनिटं झाली होती आणि साधनाचं नावही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी मग विचारलं, तांबीबद्दल तू काय ऐकलं आहेस? ‘ते वर चढते म्हन्तात. अन् माह्या जावेचं बारा दिवस अंगावरून गेलं. आमच्या घरी बाहेर बसा लागते, मॅडम. बारा दिवस बाहेर बसलं तर सैपाक कोन करन?’

डॉक्टरी पुस्तकांत अनियमित रक्तस्राव हा ‘किरकोळ दुष्परिणाम’ आहे. ज्या घरात पाळीचे दिवस पाळले जातात, तिथे तो किरकोळ नाही. घरातल्या प्रत्येकाला तो दिसतो, मोजला जातो, आणि त्यावरून ‘काय केलं हिने’ याची चौकशी होते. या बाईची भीती आरोग्याबद्दल जितकी होती, तितकीच चुलीबद्दलही. तिला गैरसमज आहे असं म्हणून ती दूर होणारी नव्हती.

माहिती द्यायची वेळ आता आली. तीही परवानगी घेऊन : ‘यातलं मला जे माहीत आहे ते सांगू का?’ गर्भाशय ही बंद पिशवीसारखी असते, तिच्यातून तांबी छातीत किंवा पोटात फिरत जात नाही. कधी आपोआप खाली निसटून पडते, आणि फार क्वचित, मुख्यतः बसवताना, पिशवीच्या भिंतीला इजा होऊ शकते, म्हणून नंतर तपासायला बोलावतात. पहिले काही महिने पाळी जास्त जाते, हे जावेचं खरं आहे. आधीच रक्त कमी असलेल्या बाईने याचा विचार करावा. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, अंगावर पाजणाऱ्या आईला दीड महिन्यानंतर चालतं. सुरुवातीला थोडं थोडं अंगावरून जाऊ शकतं, पुढे अनेकींची पाळी थांबते. थांबलेलं रक्त आत साठत नाही. पिशवीचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर टाकायला काही नसतं. बंद केल्यावर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने पाळी लांबू शकते. आणि निरोध आहेच, पण त्याला नवऱ्याची साथ लागते. यांपैकी कशालाही नवऱ्याची सही लागत नाही.

सांगून झाल्यावर पुन्हा प्रश्न : ‘हे ऐकून काय वाटतं?’

ती म्हणाली, सुई. घरात गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नाही आणि कार्ड दवाखान्यातच ठेवता येईल. ‘अन् अंगावरून गेलं तर?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘थोडंसं दिसलं तर मी सांगनच नाई.’ डॉक्टरांनी तिच्या जागी कदाचित दुसरं काही निवडलं असतं. तेवढ्यात सासूबाई नातीला घेऊन आत आल्या : चार किलो शंभर ग्रॅम.

आता या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण तिचे प्रचारक त्या हळू आवाजात सांगतात. गर्भनिरोधनासाठी ती वापरून झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा पहिल्या काही महिन्यांत साधनांचा वापर वाढलेला दिसला, पुढे तो फरक टिकला नाही. यात आश्चर्य नाही. बाई एकदा बोलून घरी जाते, घर मात्र तिच्याशी रोज बोलतं. एका बैठकीने चमत्कार होत नाही, पुढच्या भेटी लागतात. शिकण्याचंही तसंच. दोन दिवसांच्या कार्यशाळेने हे कौशल्य येत नाही. स्वतःची संभाषणं कुणीतरी ऐकून चुका दाखवाव्या लागतात, नाहीतर डॉक्टर आणि सिस्टर महिन्याभरात जुन्या वळणावर येतात. कपाटात अंतराचा साठाच संपलेला असेल तर कितीही चांगला संवाद कामाचा नाही. आणि घरात मारहाण असेल, तर तो प्रश्न संवादकौशल्याचा नसून सुरक्षिततेचा आहे आणि तसाच हाताळावा लागतो.

वेळ कुठून आणायचा, ही तक्रार मात्र अर्धीच खरी आहे. दार लोटल्यापासून सासूबाई परत येईपर्यंतचं सगळं बोलणं पंधरा मिनिटांत झालं. ‘सल्ला दिला’ अशा तीन नोंदी, एक नको असलेलं गरोदरपण आणि रक्ताची एक पिशवी, यांचा हिशेब घातला तर तो वेळ महाग नाही. समुपदेशक असेल तिथे हे काम त्यांच्याकडे जावं, नसेल तिथे डॉक्टरांनी निदान पहिला प्रश्न तरी बदलावा. ‘काय बसवायचं?’च्या जागी ‘तुझ्या मनात काय आहे?’

दुसऱ्या सुईची तारीख यायच्या चार दिवस आधीच ती आली, एकटी. वीस दिवस थोडं थोडं जात होतं. सासूच्या लक्षात आलं होतं, घरात बोलणी झाली होती. दरम्यान तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं होतं. तो आधी चिडला, मग म्हणाला, दोन वर्षं तर दोन वर्षं. ‘सुई नको, मॅडम. त्या गोळीचं पुन्हा सांगा, आता घरी ठेवता येते.’ डॉक्टरांनी पाळी लांबण्याचं आधी सांगितलं, मग बाकीचं. या वेळी केसपेपरवर नोंद झाली : ‘दोन वर्षं दिवस नको. अंतरा बंद, स्वतः ठरवून. छाया सुरू, रविवार आणि बुधवार. नवऱ्याला माहीत आहे. हिमोग्लोबिन ९.६. लोहाच्या गोळ्या चालू.’